मंजुश्रीचे एकवीस चिंचोके

मंजुश्रीला गाता येत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण खामगावातली माणसं तिच्याबद्दल बोलताना हे शेवटी सांगतात, आणि असं सांगतात की तोही तिचा मोठेपणाच वाटावा. 'आवाज गेला, तरी बघा पोरांना कशी शिकवते.' बारा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिचा आवाज वरच्या 'सा'पर्यंत पोचत नाही, मधेच फाटतो. त्याआधी पोचायचा, पण तेव्हाही तो ऐकत बसावा असा नव्हता. जाड होता. मी दहा वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून गाणं शिकले आहे, मला विचारा.

मी शरयू. संगीत विशारद. फरशी भागात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास आहे, बावीस वर्षं झाली. भिंतीवर दरवर्षीचे निकाल फ्रेम करून लावले आहेत. माझी मुलं परीक्षेला बसतात आणि पास होतात, बहुतेक पहिल्या वर्गात. मंजुश्रीची मुलं कुठल्याच परीक्षेला बसत नाहीत. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखले, हजेरीपट, शिक्के हे तिचं काम. सकाळी सहा ते साडेसात ती घाटपुरी रस्त्याला आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस मुलं घेऊन बसते. फी घेत नाही. फी घेतली असती तर मला तिच्याविषयी जरा बरं वाटलं असतं.

ती गाणं करायला शिकवते. गायला नाही, करायला. तिची पद्धत मला तोंडपाठ आहे, कारण गावातल्या प्रत्येक पालकाने ती मला कधी ना कधी थांबवून ऐकवली आहे. प्रत्येक मुलाने रोज एक ओळ करून आणायची. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत जे डोळ्यांनी पाहिलं, त्यातलीच. आईचे उपकार, देशाची माती, चंद्र, चांदण्या असलं काही आणलं की मंजुश्री विचारते, "कुठी पाह्यला चंद्र? गच्चीवरून का दुकानाच्या पायरीवरून?" सांगता आलं नाही तर ओळ परत. सांगता आलं तर त्या ओळीला तीन-चार सुरांची साधी चाल लावायची आणि ती एकवीस वेळा म्हणायची. पुढ्यात एक डबा आणि एक ताटली असते. एकदा म्हटलं की डब्यातला एक चिंचोका ताटलीत टाकायचा. एकवीस चिंचोके पडल्यावरही जी ओळ पुन्हा म्हणावीशी वाटते ती वहीत लिहायची. जिचा कंटाळा आला ती उष्टी. उष्टी ओळ टाकून द्यायची, तिच्यासाठी रडत बसायचं नाही, उद्या दुसरी आणायची. शनिवारी आठवड्याच्या उरलेल्या ओळी समोर मांडायच्या आणि कोणती पुन्हा पुन्हा यावीशी वाटते ते बघायचं. ती झाली मुखडा. बाकीच्यांनी तिच्या मागे यायचं.

दिवाळी असो की सहामाहीचा पेपर, एकवीस म्हणजे एकवीस. ताप आला तर घरी अंथरुणात म्हणायची, पण म्हणायची.

ते चिंचोकेही तिचे नाहीत. भाऊराव गुरुजींचे आहेत. आम्ही दोघी त्यांच्याकडेच शिकलो. ते सुरांचे पलटे घोटून घ्यायचे तेव्हा डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवलेले हे चिंचोके पुढे सरकवायचे. गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या मुलाला घर विकून अमरावतीला जायचं होतं. त्याने आम्हा दोघींना बोलावलं आणि म्हणाला, बाबांचं काय पाहिजे ते न्या. मी तंबोरा घेतला आणि लाल कापडात बांधलेल्या अकरा वह्या घेतल्या. मंजुश्रीने इकडेतिकडे पाहिलं आणि तो डबा उचलला. परत येताना रिक्षात मला हसू आवरत नव्हतं. मी कशी आहे ते तुम्हाला कळावं म्हणून हे सांगितलं.

त्या अकरा वह्या माझ्या क्लासमध्ये काचेच्या कपाटात आहेत. गुरुपौर्णिमेला मी त्या बाहेर काढते, पाटावर ठेवते, हळदकुंकू वाहते, मोगऱ्याची फुलं घालते. मुलं एकेक करून पाया पडतात. मग आमचा सगळ्यांचा फोटो होतो आणि वह्या परत कपाटात जातात. 'गुरुजींच्या वह्या शरयूताईंकडे आहेत,' हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ते माहीत राहावं याची मी काळजी घेते.

मंजुश्रीचा मला राग नव्हता. राग यायला तिने काही करायला हवं होतं. ती काहीच करत नसे. बाजारात भेटली की "काय व शरयू, बरी हायेस ना?" म्हणून खरंच थांबायची. मी तिच्या फोनवरचं स्टेटस रोज सकाळी चहाआधी बघते. साडेसातला ती ताटलीतल्या चिंचोक्यांचा फोटो टाकते आणि खाली त्या दिवशीची कुणा मुलाची एक ओळ. मी पाहिलं हे तिला कळू नये म्हणून फोनमधली ती सोय मी बंद करून ठेवली आहे. त्यामुळे माझं स्टेटस कोणी पाहिलं हे मलाही कळत नाही. सुधाकर, म्हणजे माझे यजमान, एकदा म्हणाले, "इतकं पाह्यतं तं एक दिवस तिथीच जाऊन बस ना." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तोपर्यंतही ठीक होतं. मग समीक्षा गेली.

समीक्षा माझ्याकडे नऊ वर्षांची असताना आली. तिच्या वडिलांचं घाटपुरीच्या पुढे भाजीपाल्याचं शेत आहे, आई बाजारात मेथी, कोथिंबीर, पालक घेऊन बसते. पोरीचा आवाज असा की पहिल्याच दिवशी मी खिडकी लावून घेतली, शेजारच्यांना फुकट ऐकू जाऊ नये म्हणून. पाच वर्षं मी तो आवाज घडवला. श्वास कुठे घ्यायचा, तोंड किती उघडायचं, सूर कुठून उचलायचा, सगळं. चौदाव्या वर्षी एका सोमवारी ती आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, मी उद्यापासून मंजुताईकडे शिकाले जाऊन राह्यली."

"काऊन?"

ती चपलेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिथी गाणं कराले भेटते."

"जा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. त्या दिवशी बाकीच्या मुलांना मी अर्धा तास जास्त बसवलं आणि एकालाही पाणी प्यायला उठू दिलं नाही.

तिच्या आईकडून मी मेथी घेणं बंद केलं. ती बिचारी नेहमी जुडीवर मूठभर जास्त घालायची. मी चार दुकानं सोडून एका माणसाकडून घ्यायला लागले. त्याची मेथी पिवळी असायची आणि तिच्यात माती फार. घरी मी ती तीन पाण्यांनी धुवायची आणि धुताना मंजुश्रीला शिव्या घालायची, मनात.

या वर्षी आमच्या गावातल्या एका मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी स्वरचित गीतांची स्पर्धा ठेवली. शब्दही स्वतःचे हवेत आणि चालही. जो पहिला येईल त्याचं गाणं नागपूरच्या स्टुडिओत साजासकट रेकॉर्ड होणार होतं. मंडळाचे सचिव अर्जुनराव, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला आग्रहाने सांगितलं, "ताई, तुमची पोरं पाह्यजेत." मी माझ्या विहंगला उभं केलं. त्याच्या गाण्याला मी थोडी मदत केली. किती केली ते विचारू नका. बावीस वर्षांत माझ्या एकाही मुलाने चार ओळी स्वतः केल्या नव्हत्या आणि ते गावासमोर येणं मला परवडणारं नव्हतं.

प्राथमिक फेरीत विहंग अंतऱ्यावर अडकला. ओळ आठवेना. आठवणार कशी, ती त्याची नव्हतीच. पाच जण निवडायचे होते, तो सहावाही आला नाही.

गाणाऱ्यांच्या यादीत समीक्षा शेवटून दुसरी होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, हातात काही नाही. तिने पेटीवाल्याला सूर मागितला आणि सुरू केलं:

माये, तुह्या हाताचा मेथीचा वास
माह्या वहीले येते...

सभागृहात चुळबुळ चालली होती ती थांबली. पुढच्या ओळींमध्ये वहीतलं गणित होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जुड्या होत्या, बाईंनी वही नाकाशी नेऊन परत दिली ते होतं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. आणि मी, खरं सांगते, तिचा श्वास कुठे चुकतो ते शोधत होते. चुकत नव्हता. मीच शिकवला होता.

मग ती मुखड्यावर परत आली आणि माझ्या कानाने ते पकडलं. 'मेथीचा' या शब्दावर चाल वर जाता जाता कोमल निषादावर उभी राहते. कान म्हणतो आता पुढे जाईल, पण ती जात नाही, तिथेच थांबते आणि मग हळूच खाली येते. हा थांबा मी आधी ऐकला होता. गुरुजींच्या ओसरीवर ऐकला होता, शंकाच नाही. खमाजातला तो थांबा गुरुजींशिवाय कोणाचा असणार? मंजुश्रीने गुरुजींची चाल उचलून पोरीच्या तोंडात घातली होती.

मला आधी आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, ते नंतरही वाटलं नाही.

पाच जणांत समीक्षाचं नाव आलं. संध्याकाळच्या आत मी क्लासच्या छापील कागदावर हरकत लिहिली: सदर स्पर्धकाची चाल स्वतःची नसून कैलासवासी भाऊराव गुरुजींची आहे, सबब नियमाप्रमाणे स्पर्धकाला अंतिम फेरीतून वगळावे. सही केली, शिक्का मारला आणि स्वतः जाऊन अर्जुनरावांच्या हातात दिला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "गुरुवारपर्यंत पुरावा आणता का ताई? अंतिम फेरी रविवारी हाय. पोरीचं कायतरी ठरवा लागन."

"आणते की," मी म्हणाले. गुरुजींच्या अकरा वह्या कोणाकडे आहेत?

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मी बाजारातून गेले तेव्हा समीक्षाची आई मेथीवर पाणी मारत होती. तिने मान वर केली नाही. संध्याकाळी मंजुश्रीचा फोन आला.

"शरयू, तू हरकत घेतली म्हणे."

"हाव. चाल गुरुजींची हाय. तुले मालूम नाही काय?"

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, ऑपरेशननंतर तो तसाच वाजतो. मग म्हणाली, "गुरुजीच्या वह्या तुह्याचजवळ हायेत ना?"

"हायेत ना. काऊन?"

"मंग पाह्य ना व त्याईत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आव्हान देते आहे. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर मी वर गेले, कपाट उघडलं, लाल कापडाची गाठ सोडली. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर बावीस वर्षांच्या हळदकुंकवाचे थर बसले होते. काही पानं हळदीने एकमेकांना चिकटली होती, ती मी सुरीने सोडवली. सांगायला लाज वाटते, पण त्या वह्या मी आत उघडून पाहिल्याच नव्हत्या. त्यात बंदिशी असणार हे मला ठाऊक होतं. मला एवढंच ठाऊक असणं पुरत होतं.

पहिल्या चार वह्यांत बंदिशीच होत्या. पाचवीपासून मात्र वेगळंच सुरू झालं. गुरुजी रोजचं टिपण ठेवायचे. तारीख, मुलाचं नाव, पुढे एक आकडा आणि एखादं वाक्य. 'मंजुश्री. २१. आवाज जाड. ओळ बरी आहे.' दुसऱ्या दिवशी, 'मंजुश्री. २१. ओळ उष्टी झाली. हसली, उद्या दुसरी आणते म्हणाली.' पानंच्या पानं हेच. मी वाचत गेले तसं मला आठवत गेलं. चिंचोके फक्त पलट्यांसाठी नव्हते. गुरुजी आम्हाला ओळी करायला लावायचे. एकवीस, उष्टं, रोज एक, हे मंजुश्रीने काढलेलं नव्हतं. तिने फक्त सोडलं नव्हतं. मी मात्र ते इतकं नीट विसरले होते की बारा वर्षं मी तिच्याच पद्धतीवर नाक मुरडत होते.

सातव्या वहीत एका पानावर गुरुजींनी नेहमीपेक्षा जास्त लिहिलं होतं.

'शरयू (वय १४). आज स्वतःहून ओळ आणली: कापसाच्या गाडीवर ऊन निजलं. जिनिंगपुढच्या रांगेत पाहिलं म्हणाली. चालही तिचीच, खमाज. गाडीवर या शब्दाला कोमल निषादावर थांबली. मी थांब म्हटलं नव्हतं. एकवीस वेळा म्हणून घेतली. उष्टी झाली नाही. मी घरात जाऊन स्वतः आणखी दोनदा म्हणून पाहिली. पुढची ओळ उद्या आणते म्हणाली.'

मी ते पान किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. मला ती रांग आठवली. शाळेतून येताना जिनिंगच्या कारखान्यापुढे बैलगाड्या ओळीने उभ्या असायच्या, वर कापसाचे ढीग, गाडीवान सावलीला. माझी वेणी तेव्हा लाल रिबिनीची होती. हे सगळं आठवलं, फक्त ते मी केलं होतं हे आठवेना. चांगलं काही ऐकलं की ते गुरुजींचंच असणार, अशी माझ्या मनाला सवय लागली होती. आपण असं काही केलं असेल असं मला माझ्याबद्दल वाटलंच नाही.

पान उलटलं. 'शरयू. ओळ नाही.' त्याच्या पुढच्या दिवशी, 'शरयू. ओळ नाही. परीक्षेचं विचारत होती.' मग, 'शरयू आली नाही.' 'शरयू. परीक्षेचे राग घोटले. ओळ नाही.' महिनाभराने गुरुजींनी विचारणं सोडलं असावं, कारण नुसतं 'शरयू. राग भीमपलास' असं येऊ लागलं. आणि प्रत्येक पानावर, त्याच्याच खाली, 'मंजुश्री. २१.' 'मंजुश्री. २१.' 'मंजुश्री. २१.' पाऊस होता तरी, तिचे वडील वारले त्या आठवड्यातले पाच दिवस सोडले तर रोज.

मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. तिच्या वर्गाचा, तिच्या मुलांचा, समीक्षाचा वाटला होता. त्या दुपारी मला तिच्या त्या आकड्यांचा वाटला.

आता प्रश्न होता पुराव्याचा. ती वही अर्जुनरावांना दाखवली तर पोरीची चाल स्वतःची नाही हे सिद्ध होत होतं. गुरुजींची नसली तरी माझी होती, नियम नियमच. नाही दाखवली तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. समीक्षा रविवारी गाणार की नाही, हे माझ्या मांडीवरच्या त्या एका पानावर होतं. आणि खरं सांगू का, मी दोन तास विचार केला. 'ही चाल माझी आहे' असं गावासमोर म्हणायला मिळणार होतं. त्याचा मोह मला पोरीच्या नुकसानीपेक्षा जास्त होता. शेवटी मी नवा कागद घेतला आणि लिहिलं: 'सदर चाल भाऊराव गुरुजींची नाही. माझ्या ऐकण्यात चूक झाली. हरकत मागे घेत आहे.' चाल कोणाची ते लिहिलं नाही. एवढा मोठेपणा पुष्कळ झाला असं मला वाटलं.

गुरुवारी अर्जुनरावांनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टेबलाच्या खणातून समीक्षाचा प्रवेशअर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. 'चाल कोणाची' या रकान्यात पोरीने तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

'मुखड्यात मेथीचा या शब्दावर जो थांबा आहे तो शरयूताईंच्या चालीतला आहे. मंजुताईंनी पहिल्या दिवशी तोच शिकवला. बाकी सगळं माझं.'

"आमी कमिटीत वाचलं होतं हे," अर्जुनराव म्हणाले. "एका थांब्यानं काय चाल होत नाही, अन् पोरीनं इमानदारीनं लिहून देल्लं. मंजूर केलं. मंग तुमची हरकत आली. मले समजेच ना ताई, म्हटलं काय करावं आता? स्वतःचीच चाल वळखू नाही आली का ताईले?"

ते टोचून बोलत नव्हते. टोचून बोलले असते तर मी भांडू शकले असते. त्यांनी चहा मागवला आणि मी तो प्याले, कपातला शेवटचा घोट संपेपर्यंत मान खाली घालून. पोरीने माझं नाव लिहिलं होतं. पाच वर्षं मी तिला शिकवलं, त्याचा त्या अर्जावर कुठेच उल्लेख नव्हता. माझं नाव तिथे मंजुश्रीमुळे आलं होतं. तेही मला तिच्याच हातून मिळालं.

रविवारी समीक्षा गायली आणि पहिली आली. मी टाळ्या वाजवल्या. फार जोरात नाही. बाहेर पडताना तिच्या आईने मला नमस्कार केला आणि म्हणाली, "ताई, लय दिवस झाले, मेथी न्याले नाही आल्या." मी म्हणाले, "येते." दुसऱ्या दिवशी बाजारात जायच्या आधी, सहाला दहा मिनिटं असताना, मी मंजुश्रीच्या शेडसमोर उभी होते. घरी सुधाकरांना फिरायला जाते असं सांगितलं होतं.

मुलं सतरंजीवर बसली होती. मंजुश्रीने मला पाहिलं. उठली नाही, या-बसा केलं नाही, फक्त सतरंजीचं टोक हाताने सपाट केलं. मी मागे जाऊन बसले. समीक्षाने वळून पाहिलं आणि पटकन पुढे तोंड केलं.

त्या दिवशी एक नवी मुलगी आली होती, प्रतीक्षा नावाची, दहा-अकरा वर्षांची. मंजुश्रीने तिला समोर घेतलं. "आयक," ती म्हणाली. "तुह्यापेक्षा जराशी मोठी पोरगी होती एक. शाळेतून घरी जाऊन राह्यली होती. रस्त्यावर तिनं काय पाह्यलं, तं हे." आणि तिने त्या फाटक्या आवाजात सुरू केलं, 'कापसाच्या गाडीवर...' गाडीवरच्या निषादाशी तिचा आवाज तुटला, नेहमीसारखाच तुटत असणार, कारण मुलांना ते माहीत होतं. पंचवीस मुलांनी तो सूर तिथल्या तिथे उचलला, धरला. मुलं तिथे थांबली आणि मग एकत्र खाली आली.

"पुढं?" प्रतीक्षाने विचारलं.

"पुढं नाही केलं तिनं. तू कर."

मला नंतर समीक्षाने सांगितलं की बारा वर्षं प्रत्येक नव्या मुलाचा पहिला दिवस असाच असतो. गळ्याचं ऑपरेशन होऊन मंजुश्रीचं गाणं थांबलं, त्या वर्षी तिने ही शेड सुरू केली, आणि पहिला धडा म्हणून स्वतःची एकही ओळ घेतली नाही, माझी घेतली. प्रत्येक मुलाने त्या ओळीला आपापली दुसरी ओळ जोडायची. कोणी गाडीखालचं कुत्रं आणलं, कोणी सरकी चघळणारा बैल, कोणी वजनकाट्याचा आवाज. शंभरेक दुसऱ्या ओळी झाल्या असतील. माझ्या ओळीच्या पुढच्या ओळी, आणि त्यातली एकही माझी नाही.

एकेक मूल आपली ओळ म्हणत होतं, चिंचोके वाजत होते. फिरत फिरत डबा माझ्यापर्यंत आला. तोच डालड्याचा, झाकण गेलेला.

"आजची ओळ?" मंजुश्रीने विचारलं. मुलांना विचारते त्याच सुरात.

मी रस्त्याने येताना एक करून आणली होती. अगदीच रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून. म्हटली. तिच्यात चंद्र होता.

"कुठी पाह्यला?" मंजुश्री म्हणाली.

पुढची दोन मुलं हसली. त्या पहाटे आभाळात चंद्र होता की नव्हता, हेही मी पाहिलं नव्हतं.

"परत," ती म्हणाली. मग थोडी पुढे झुकली आणि मुलांना ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "ते जुनी म्हण ना व. लय वर्सं झाले तुह्या तोंडून आयकली नाही."

मी म्हटली. माझा आवाज अजून चांगला आहे, हे मी कोणाला सांगायची गरज नाही. पहिला चिंचोका टाकला, दुसरा टाकला. सातव्यानंतर मुलं आपापलं काम सोडून बघायला लागली. बाराव्याला मला वाटलं, आता कंटाळा येईल. येऊ दे, म्हणजे सुटेन. आला नाही. एकविसावा चिंचोका ताटलीत पडला तेव्हाही ती ओळ ताजी होती आणि मला ती पुन्हा म्हणावीशी वाटत होती. मंजुश्रीवरचा, समीक्षावरचा माझा सगळा हेवा तिथे सतरंजीवर फिका पडला. लाल रिबिनीच्या त्या पोरीने रस्त्याने जाता जाता, कोणाला न विचारता, ही ओळ केली होती. मला तिचा हेवा वाटत होता, आणि तिच्याविरुद्ध मला कुठेही हरकत घेता येत नव्हती.

सगळे वाट बघत होते. पुढचं काही सुचेना.

"पुढची ओळ उद्या आणते," मी म्हणाले.

"हे मी चौतीस वर्सं आधी आयकलं हाय," मंजुश्री म्हणाली आणि डबा प्रतीक्षापुढे सरकवला.